उदयपूरला गेलेल्या गोष्टी

हिंदी चित्रपटवाल्यांना एखाद्या दूरच्या मुलखातील गोष्ट फार आवडली म्हणजे ते तिला उदयपूरला घेऊन जातात, अशी माझी बऱ्याच दिवसांची समजूत आहे. आर. के. नारायण यांची 'गाइड' ही कादंबरी १९५८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील गाव मालगुडी, नदी शरयू, आणि दोन्ही अस्सल दाक्षिणात्य. १९६५ साली तिच्यावर हिंदी चित्रपट निघाला तेव्हा तिच्यातला राजू गाइड उदयपुरात प्रवाशांना घेऊन हिंडताना दिसला. पुढे अर्धे शतक लोटले. २०१६ साली नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. त्यातील मुलूख करमाळ्याकडचा, उसाचा आणि विहिरींचा. दोनच वर्षांनी, २०१८ साली, त्याची हिंदी आवृत्ती 'धडक' या नावाने निघाली, आणि पडद्यावर पाहावे तो पुन्हा उदयपूरचेच तलाव! हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण दोन्ही वेळा गाव बदलले त्याबरोबर गोष्टीचा शेवटही बदलला, आणि तेथे माझ्यासारख्या सहज पाहणाऱ्यालाही थोडे थबकावे लागते.

या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच की मी चित्रपटांचा अभ्यासक नव्हे. जेवणे आटोपल्यावर घरातील मंडळी जे लावतात ते मी पाहतो. कधी सुरुवात हुकते, कधी मध्येच डोळा लागतो. परंतु अशा पाहण्याचाही एक गुण आहे. जाणकाराचे लक्ष कॅमेऱ्याकडे आणि प्रकाशयोजनेकडे असते. सहज पाहणाऱ्याला माणसे दिसतात आणि त्यांचे घर दिसते. ती माणसे त्या घरात खरोखरीच राहतात, की केवळ चित्रीकरणापुरती येऊन उभी राहिली आहेत, हे त्याला फार लवकर उमगते. स्वयंपाकघरातील डबा उघडताना हात चाचपडला की समजावे, हे घर यांचे नव्हे.

'गाइड'विषयी म्हैसूरच्या माणसाने बोलू नये, कारण तो पक्षपाती ठरतो, हे मला मान्य आहे. तरी बोलतो. आम्ही राहतो ती वस्ती अग्रहार या नावाची, राजवाड्याच्या दक्षिणेकडची. अग्रहार म्हणजे राजाने विद्वानांना वसवून दिलेली आळी. आता जुनी कौलारू घरे थोडी उरली आहेत, त्यांच्या जागी मजले चढले आहेत. पण एखाद्या घरापुढे अजून 'जगली' दिसते. आपल्याकडे जिला ओटा म्हणतात तीच ही, सायंकाळी बसून रस्त्याकडे पाहावयाची जागा. नारायण यांचे म्हैसुरातील पहिले घर येथून जवळच, लक्ष्मीपुरम भागात होते. पुढे त्यांनी यादवगिरीत स्वतःचे घर बांधले, आणि २०१६ पासून महानगरपालिकेने ते संग्रहालय म्हणून खुले केले आहे. मालगुडी म्हणजे म्हैसूर नव्हे. ते गाव लेखकाच्या मनातले आहे. तथापि, 'गाइड'चे बीज कोठे पडले ते नारायण यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे. एका वर्षी म्हैसूर भागात पावसाने मोठी ओढ दिली, कृष्णराजसागराचे पाणी पार आटले, आणि वैदिक मंडळींनी पाण्यात उभे राहून उपवास व जप करून पावसाची आळवणी केली. लोकांच्या आग्रहामुळे साधू बनणे भाग पडलेल्या माणसाची गोष्ट त्यांच्या मनात घोळत होतीच. तिला या दुष्काळाने जागा दिली.

ही जागा शब्द मी मुद्दाम वापरतो. कावेरी आणि कपिला या दोन नद्यांच्या आधाराने जगणाऱ्या मुलखात पाऊस न येणे म्हणजे काय, हे येथे राहिल्याशिवाय कळत नाही. धरणाची पातळी किती फुटांवर आली हे त्या दिवसांत वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येते, आणि दुधाच्या रांगेत, देवळात, केशकर्तनालयात त्यापलीकडे दुसरा विषय नसतो. नदीवर विसंबलेल्या माणसाला नदी सोडून जाते, तेव्हा तो कोणाही भगव्या वस्त्राचे पाय धरावयास तयार होतो. कादंबरीतील खेडूत राजूवर विश्वास टाकतात तो या घाबरलेपणातून. चित्रपटातील खेडूतही विश्वास टाकतात, पण राजस्थानच्या रखरखीत भूमीवर कोरडी जमीन पाहून प्रेक्षक दचकत नाही. तिथली जमीन कोरडीच असावयाची, असे त्याच्या मनाने आधीच धरलेले असते. दुष्काळ तेथे देखाव्याचा भाग झाला.

चित्रपटाच्या इंग्रजी आवृत्तीचे दिग्दर्शन टॅड डॅनिएलेव्स्की यांनी केले आणि तिची पटकथा पर्ल बक या नामांकित लेखिकेची होती. हिंदी आवृत्ती विजय आनंद यांची. काम सुरू होण्यापूर्वी चित्रपटाची मंडळी म्हैसूरला आली होती, आणि नारायण यांनी त्यांना हौसेने कावेरीकाठचा घाट, वडाच्या सावलीतले लहानसे देऊळ, अशी आपल्या गोष्टीतली एकेक जागा दाखविली. मंडळींनी सर्व पाहिले, वाखाणले, आणि चित्रीकरणासाठी राजस्थान गाठले. 'मिसगाइडेड गाइड' या लेखात नारायण यांनी हा सारा प्रकार असा काही खुसखुशीतपणे सांगितला आहे की दुखावलेल्या माणसाने इतके हसवावे कसे याचे नवल वाटते.

येथे कोणी म्हणेल, चित्रपट उत्तम झाला ना, मग तक्रार कसली? उत्तम झाला हे खरेच. वहीदा रेहमान यांच्या नृत्याला तोड नाही. सचिनदेव बर्मन यांच्या चाली साठ वर्षे होत आली तरी शिळ्या झालेल्या नाहीत. फिल्मफेअरची चारही मोठी पारितोषिके या एका चित्रपटाने नेली. आमच्या घरात तो दूरदर्शनवर लागला की अजूनही कोणी उठत नाही. पण त्याचा शेवट पाहा. कादंबरीत उपवासाने खचलेला राजू पाण्यात उभा राहतो, दूर डोंगरात पाऊस पडतो आहे असे त्याला जाणवते, आणि तो कोसळतो. पाऊस खरोखर आला की नाही, तो मेला की नाही, लेखक सांगत नाही. चित्रपटात धो धो पाऊस येतो, राजू संत होऊन देह ठेवतो, आणि आत्म्याविषयी बरेच काही बोलले जाते. नारायण यांनी उघडे ठेवलेले दार चित्रपटाने लावून घेतले, आणि वर तोरणही बांधले. शेजारच्या अज्जींचे या बाबतीतले मत एका वाक्याचे आहे. त्या कन्नड वळणाच्या मराठीत म्हणतात, "आमच्या नदीची गोष्ट, आणि आमची नदीच ठेवली नाही की हो!"

'सैराट'ची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण तेथे केवळ लेखकाचा हिरमोड झालेला नाही.

'सैराट' मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा गाण्यांसाठी सर्व घराने पाहिला आणि शेवटी कोणी कोणाशी न बोलता दिवे मालवले. दुसऱ्यांदा मी एकट्याने पाहिला तो गाव पाहण्यासाठी. मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे, आणि चित्रपटातला परिसर त्याच तालुक्यातला, उजनी धरणाच्या पाण्यालगतचा. या पाण्याने त्या भागात दोन गोष्टी आणल्या, ऊस आणि मासे. उसाचे मळे आणि गावचे राजकारण आर्चीच्या वडिलांच्या हाती. पाण्यात जाळे टाकून पोट भरणारे घर परश्याचे. पाणी एकच, पण त्याच्या काठावर कोणी कोठे उभे राहावयाचे हे पूर्वीच ठरून गेलेले आहे. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, विहिरीत पोहणाऱ्या मुलांना बाहेर पडा म्हणून दटावते. ती निर्भय आहे, पण ही निर्भयता काही अंशी तिच्या घराण्याची आहे, आणि बिचारीला ते ठाऊक नाही. वर्गात शिकविणाऱ्या प्राध्यापकाच्या थोबाडीत तिचा भाऊ मारतो, तेव्हा साऱ्या गावाची रचना त्या एका चपराकीत ऐकू येते. कोणी व्याख्यान देत नाही. जातीचे नावही फारसे घ्यावे लागत नाही, कारण ती उठण्याबसण्यात, हाका मारण्याच्या तऱ्हेत आणि करमाळ्याच्या बोलीत मुरलेली आहे.

'धडक'मध्ये ही माणसे उदयपुरात येतात. मुलीचे वडील बड्या घराण्याचे, हॉटेलवाले आणि निवडणुकीच्या राजकारणातले. मुलाच्या वडिलांचे तलावाकाठी उपाहारगृह. घरे सुंदर, कपडे सुंदर, तलाव तर सुंदर आहेतच. जातीचा उल्लेख ओझरता येतो आणि जातो. आमची नात कॉलेजात शिकते. म्हैसुरात जन्मलेली, मैत्रिणींत कन्नड बोलणारी. चित्रपट अर्ध्यावर आला तेव्हा तिने विचारले, "आजोबा, पण ह्या लोकांचं वैर नेमकं कशाचं?" मला उत्तर देता आले नाही. 'सैराट' पाहताना तिने हा प्रश्न विचारला नव्हता. करमाळा तिने कधी पाहिलेले नाही, तिकडची बोली तिला निम्मीच समजते, तरी वैर कशाचे ते पहिल्या अर्ध्या तासात तिला समजले होते.

सवाल आहे तो हा. प्रेम केल्याबद्दल स्वतःच्या मुलीला आणि जावयाला मारणारी माणसे या देशात आहेत. वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला हे सांगावयास नको. ती का मारतात हे ज्या गोष्टीत कळते ती गोष्ट पाहून तरुण मुलगी काही शिकते. ज्या गोष्टीत ते कळत नाही, तेथे मृत्यू हा रस्त्यावरच्या अपघातासारखा होतो. वाईट वाटते, आणि आपण झोपी जातो. 'सैराट'च्या शेवटी दोघांचाही खून होतो आणि लहानगे मूल रक्ताने भरलेल्या पावलांनी घराबाहेर येते. त्या वेळी पार्श्वसंगीतही थांबलेले असते. 'धडक'मध्ये नवरा आणि मूल मारले जातात, मुलगी उरते. हा शेवट कमी क्रूर आहे असे मी म्हणणार नाही. पण करमाळ्याच्या त्या मुलाची पावले ज्या अंगणातून निघाली ते अंगण आपल्या ओळखीचे झालेले होते. उदयपूरच्या गोष्टीत अशी ओळख कोणाशीच होत नाही.

मध्यंतरी २०१७ साली या कथेची कन्नड आवृत्ती 'मनसु मल्लिगे' येऊन गेली. एस. नारायण यांनी ती दिग्दर्शित केली होती आणि नायिकेची भूमिका पुन्हा रिंकू राजगुरू हिनेच केली. मुलगी तीच, चाली त्याच, आणि तरीही दुसऱ्याचा अंगरखा घातल्यासारखे वाटत राहते. अंगरखा चांगला आहे. बाह्या लांब आहेत, इतकेच.

मग गोष्टींनी आपले गाव सोडूच नये काय? तसे म्हटले तर माझाच मुद्दा लटका पडेल. कारण नारायण यांच्या गोष्टींवरची माझी सर्वांत आवडती मालिका 'मालगुडी डेज' ही म्हैसुरात झालेली नाही. दिग्दर्शक शंकर नाग यांनी ती मुख्यतः आगुंबे येथे केली. हे गाव शिमोगा जिल्ह्यात, घाटाच्या माथ्यावर, येथून रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास. पाऊस एवढा की त्याला दक्षिणेचे चेरापुंजी म्हणतात. मालगुडीचे रेल्वे स्टेशन म्हणून जे दिसते ते शिमोग्याजवळच्या अरसाळू येथील. त्या जुन्या इमारतीत २०२० साली रेल्वेने मालगुडी संग्रहालय केले. म्हणजे जागा येथेही बदललीच होती. तरीही नारायण यांचे वाचक हळहळले नाहीत. असे का झाले असावे?

माझ्या मते याचे उत्तर त्या मालिकेतील टपालवाल्याच्या गोष्टीत आहे. थाणप्पा नावाचा टपालवाला घरोघर पत्रे देतो, आणि कोणत्या पत्रात काय असेल याची त्याला घरच्या माणसाइतकी काळजी. एका घरी मुलीचे लग्न ठरते. मुहूर्त टळला तर पुढे वर्षांचा खोळंबा. नेमके त्याच दिवसांत त्या घरच्या वृद्ध नातेवाइकाच्या आजाराचे पत्र आणि मागून मृत्यूची तार येते. थाणप्पा ती दडवून ठेवतो, लग्न लागू देतो, आणि मग नोकरी गेली तरी चालेल म्हणून स्वतःच ती नेऊन देतो. घरधनी दुःखी होतो, पण तक्रार करीत नाही. या गोष्टीला तलाव नको, राजवाडा नको. जेथे टपालवाला दारात उभा राहून दोन शब्द बोलतो आणि कोणाची मुलगी लग्नाची आहे हे जाणतो, अशी एक आळी मात्र हवी. ती आगुंब्यात सापडली. अग्रहारातही एके काळी सापडली असती. शंकर नाग यांनी गाव बदलले, पण गावातल्या माणसांची एकमेकांशी असलेली बांधिलकी जशीच्या तशी उचलून नेली. 'गाइड' आणि 'धडक' येथे घसरले ते याच ठिकाणी. त्यांनी देखावा बदलताना नातीही बदलली.

तीच गोष्ट पंचेचाळीस रुपयांच्या कारकुनाची. मुलीला संध्याकाळी सिनेमाला नेण्याचे वचन तो सकाळी देतो. मुलगी शाळेतून लवकर येते, नवा झगा घालते, पावडर लावते, वाट पाहते. कचेरीत साहेब त्याला सोडत नाही. चिडून तो राजीनामा लिहितो. आणि त्याच वेळी साहेब सांगतो की पगार चाळीसाचा पंचेचाळीस झाला. राजीनामा खिशात राहतो. रात्री घरी येतो तेव्हा मुलगी त्याच झग्यात झोपलेली असते. पाच रुपयांनी एका मुलीची संध्याकाळ विकत घेतली गेली, एवढीच गोष्ट. चित्रपटांविषयी इतके लिहिले गेले आहे, पण चित्रपट पाहावयास न मिळालेल्या मुलीविषयी इतके चांगले मी दुसरीकडे वाचलेले नाही.

या मालिकेचे आणखी एक नवल सांगितले पाहिजे. गोष्टी लिहिल्या इंग्रजीत. लिहिणाऱ्याची घरची भाषा तमिळ. रेखाचित्रे त्यांचे बंधू आर. के. लक्ष्मण यांची, ज्यांचे सारे कर्तृत्व मुंबईत बहरले आणि ज्यांचा अंत २०१५ साली पुण्यात झाला. दिग्दर्शक शंकर नाग हे कोकणी घरातले, होन्नावरकडचे, आणि त्यांची नाट्यकला घडली मुंबईच्या रंगभूमीवर. चापेकर बंधूंवरील '२२ जून १८९७' या १९७९ च्या मराठी चित्रपटाच्या पटकथेत त्यांचा हात होता. मिठाईवाल्या जगनच्या भूमिकेत त्यांचे थोरले बंधू अनंत नाग. स्वामीच्या वडिलांच्या भूमिकेत गिरीश कर्नाड, ज्यांना मराठी प्रेक्षक 'उंबरठा'मध्ये स्मिता पाटील यांच्या पतीच्या भूमिकेत पाहून होता. हे सर्व लोक कन्नड खेड्यात जमले आणि मालिका देशभर दिसली ती हिंदीत! १९८७ च्या सुमारास अग्रहारात दूरचित्रवाणीचे संच मोजकेच होते. ज्यांच्याकडे असे त्यांच्या दिवाणखान्यात आळीतली मुले आधीच येऊन बसत. कानडी, तमिळ, तेलुगू, मराठी घरांतली ती मुले स्वामीचे हिंदी ऐकत, आणि स्वामी हिंदी का बोलतो असे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. गाव खरे वाटले, म्हणून उसनी भाषाही चालून गेली.

कर्नाटकात या प्रश्नाला एक वेगळा इतिहासही आहे. १९६० नंतरच्या दशकात येथील कलावंतांनी आणि साहित्यिकांनी परभाषेतील चित्रपटांना कन्नड आवाज देऊन दाखविण्यास विरोध केला. तो पुढे इतका रुजला की जवळजवळ अर्धे शतक असे चित्रपट येथे निघाले नाहीत. २०१२ साली आमीर खान यांचा 'सत्यमेव जयते' हा कार्यक्रम अनेक भाषांत दाखविला गेला, पण कन्नडमध्ये नाही. २०१५ साली भारतीय स्पर्धा आयोगाने या बंदीविरुद्ध निर्णय दिला, आणि त्यानंतर वारे फिरले. बंदी योग्य की अयोग्य, हा वाद मी येथे उकरून काढीत नाही. पोटापाण्याची बाजू तिला होती आणि प्रेक्षकाच्या हक्काचीही होती. तिचा एक परिणाम मात्र आमच्या घरी झाला. हिंदी हिंदीत, तमिळ तमिळमध्ये आणि मराठी मराठीत पाहावयाची सवय मुलांना लागली. दुसऱ्याची भाषा न कळली तरी त्याचे घर कळते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

पुराणकथांचे तेवढे वेगळे आहे, हेही नमूद करतो. कन्नड भाषेतला पहिला प्रदर्शित बोलपट 'सती सुलोचना' मार्च १९३४ मध्ये लोकांसमोर आला, आणि तो तयार झाला होता आपल्या कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये. सुब्बय्या नायडू, नागेंद्रराव ही कन्नड रंगभूमीवरची मंडळी त्यासाठी तेथे जाऊन राहिली. लंकेचा दरबार पंचगंगेकाठी उभा राहिला म्हणून कोणाचे बिघडले नाही. लंका कोणीच पाहिलेली नसते. करमाळा मात्र पाहिलेली माणसे असतात.

आता आमच्या रात्रीच्या जेवणानंतर जे चालते त्याकडे वळतो, कारण घरोघरी तेच चालत असणार. मराठी मालिका म्हैसुरात बसून पाहणाऱ्याला एक निराळी ओढ असते. नाट्य असो नसो, अंगणात कोणते झाड आहे आणि ताटात काय वाढले आहे हे तो डोळे ताणून पाहतो. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ साली सुरू झाली तेव्हा सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला तो वाडा आणि ती मालवणी ऐकून आमच्या सौभाग्यवती, ज्यांना भुताखेतांची मुळीच आवड नाही, त्यादेखील हातातले काम टाकून बसत. त्याच वर्षी 'तुझ्यात जीव रंगला' आली. कोल्हापूरकडची तालीम, तांबडी माती, आणि वहिनीच्या धाकातला पैलवान. पुढच्या वर्षी साताऱ्याकडच्या फौजी घरांवरची 'लागिरं झालं जी'. या तिन्ही मालिकांचे पहिले काही महिने फार चांगले होते, असे माझे मत आहे. गाव ताजे होते तोवर गोष्ट ताजी होती. पुढे गोष्ट लांबवावी लागते, आणि लांबविण्याची जागा एकच, ती म्हणजे घराच्या आत. मग तालीम मागे पडते, शिवार दिसेनासे होते, आणि उरते ते जिन्यावरून डोकावणारी वहिनी, दाराआड ऐकणारी सासू, औषधात काहीतरी मिसळणारी कोणी. हे घर कोल्हापूरचे आहे, ठाण्याचे आहे की इंदूरचे, कशावरून ओळखावे? नुकतीच एक मालिका सलग तीन आठवडे पाहिली. नाव घेत नाही, कारण तशा अनेक आहेत. त्या तीन आठवड्यांत घरात दोन साखरपुडे मोडले, एक बाई मरून परत आली, पण त्या घराबाहेरचा रस्ता एकदाही दिसला नाही. कोणी भाजी आणावयास गेले नाही, कोणाकडे टपाल आले नाही, कोणाला बस चुकली नाही.

नातीने याला उपाय सुचविला आहे. पात्रांनी रोज एकदा तरी खिडकी उघडावी, आणि खिडकीबाहेर जे असेल ते आपणास दाखवावे. मालिकावाल्यांच्या हिशेबात एवढे बसत नसेल, तर आमची मागणी आणखी लहान करावयास मी तयार आहे. त्या दारावरून कोणत्या गावाची बस जाते, एवढी पाटी वाचता येऊ द्या.